सत्तरीतल्या बाबांना घेऊन माल्टा : आठ दिवसांत काय बघावं, काय सोडावं?

खाडीकाठ (१४ मार्च)

नमस्कार मंडळी. गौरी-गणपती आटोपले की सप्टेंबरात भूमध्य समुद्रातल्या माल्टाला जायचं जवळजवळ ठरलं आहे. आम्ही चौघं : मी, बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा. बाबा ७२ वर्षांचे. सपाटीला भरपूर चालतात, पण जिना उतरताना डावा गुडघा दुखतो. आई गेल्यापासून ते घराबाहेर फारसे पडलेले नाहीत. खरं सांगायचं तर ही सहल त्यांच्यासाठीच आहे.

एजंटने दिलेला कार्यक्रम असा : चार रात्री एकाच हॉटेलात. एक दिवस राजधानी व्हॅलेटा आणि जुनी राजधानी इमदिना, एक दिवस कोमिनो या छोट्या बेटाची बोट, एक दिवस गोझो बेटाची धावती सहल, एक दिवस मोकळा. तो म्हणतो, देश एवढासा आहे, चार दिवस पुष्कळ झाले. आमच्याकडे आठ दिवस आहेत. उरलेले चार रोमला घालवावेत का?

बाबांना चर्च आणि म्युझियम एका मर्यादेपलीकडे नको होतात. बोटी, मासळीबाजार, कामात असलेली माणसं बघायला त्यांना आवडतं. ते उरणच्या मिठागरात वाढले, तीसेक वर्षं तिथेच राबले. जे जाऊन आलेत त्यांनी मोकळेपणाने सांगा.

ऊनपाऊस (१४ मार्च)

आठही दिवस माल्टातच काढा. रोमचं रोमला बघू.

मी इंग्लंडात राहते, माल्टाला तीनदा जाऊन आले. देश ३१६ चौरस किलोमीटरचा, म्हणजे शहर आणि उपनगर धरून जी मुंबई होते तिच्या साधारण निम्मा. नकाशा बघून एजंट चार दिवस म्हणतो ते त्यामुळेच. पण तिथे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका. रस्ते अरुंद, गाड्या अतोनात, बस जवळपास सगळ्या व्हॅलेटाच्या वेशीवरून फिरतात. दहा किलोमीटरला पाऊण तास सहज जातो. एका दिवसात तीन ठिकाणं कोंबली की बाबा दमणार आणि मुलगा कुरकुरणार. दिवसाला एक मोठं ठिकाण, आणि दुपारी दोन तास खोलीवर आराम. सप्टेंबरातलं ऊनही चांगलंच लागतं.

व्हॅलेटाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण गुडघ्याचा प्रश्न तिथेच येईल. शहर एका टेकाडाच्या सोंडेवर वसलंय, दोन्ही बाजूंना खोल बंदरं. मधला मुख्य रस्ता सपाट आहे, पण आडव्या गल्ल्या दोन्हीकडे समुद्राकडे उतरतात आणि काही तर नुसत्या पायऱ्याच आहेत. बाबांना त्या गल्ल्यांत नेऊ नका. वेशीतून आत आलात की उजवीकडे वळून अप्पर बराक्का बागेत जा. दुपारी बारा आणि चार वाजता खालच्या तोफखान्यातून सलामीची तोफ उडते. बाराच्या आधी पंधरा मिनिटं कठड्याशी जागा धरा. समोर अख्खं ग्रँड हार्बर, पलीकडे बिर्गू, सेंग्लेया, बोर्मला ही तीन जुनी तटबंदीची गावं. तोफ झाली की बागेतूनच ५८ मीटर खाली उतरणारी लिफ्ट आहे, ती थेट बंदराच्या पातळीवर सोडते. तिथून पलीकडे जायला फेरीबोट आहे आणि दायसाही. दायसा म्हणजे दोन्ही टोकं उंच वळलेली लाकडी होडी. दायसातूनच जा. पाण्याच्या पातळीवरून ते तट वर बघताना माझी मान अवघडली होती.

बाबांना एकच चर्च दाखवायचं असेल तर सेंट जॉन. बाहेरून साधं, जवळजवळ गोदामासारखं. आत पाऊल टाकलं की पायाखाली रंगीत संगमरवराच्या सुमारे ४०० समाध्या, एकीला एक लागून. टोकदार टाचांचे चप्पल-बूट घालून आत सोडत नाहीत, बायकोला आधीच सांगा. एका दालनात कॅरावाज्यो या इटालियन चित्रकाराचं १६०८ सालचं मोठं चित्र आहे, संत जॉनच्या शिरच्छेदाचं. त्याने सही केलेलं ते एकमेव चित्र, आणि सही जमिनीवर सांडलेल्या रक्तातून ओढलेली आहे. जवळ जाऊन बघा, मगच दिसते.

दगडधोंडे (१५ मार्च)

ऊनपाऊसताईंशी सहमत. भर घालतो, कारण माझा जीव त्या बेटाच्या दगडांत अडकलाय.

सगळ्यात आधी, अगदी विमानाच्या तिकिटापाठोपाठ, हाल साफ्लिएनी हायपोजियमची तिकिटं काढा. जमिनीखाली तीन मजले, खडकात कोरलेलं स्मशान आणि देवस्थान. इसवी सनापूर्वी सुमारे ४००० ते २५०० या काळात लोक ते वापरत होते. १९०२ साली घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना कामगारांना सापडलं. सुमारे ७००० माणसांचे अवशेष तिथे असावेत असा अंदाज आहे. माणसांच्या श्वासाने भिंतींवरचा तांबडा रंग खराब होतो म्हणून दिवसाला फक्त ८० जणांना सोडतात, दहा-दहाच्या गटाने. फोटो काढायला बंदी. सहा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, तुमचा मुलगा चालेल.

मी पहिल्या वेळी दोन आठवडे आधी तिकीट बघायला गेलो आणि एकही जागा शिल्लक नव्हती. दाराबाहेर उभा राहून परत आलो. दुसऱ्या वेळी तीन महिने आधी काढलं. आत अंधारात एका छतावर गेरूने काढलेल्या वळणदार वेली दिसतात, आणि ज्या हाताने त्या काढल्या त्याला धातू माहीत नव्हता हे आठवलं की बोलवत नाही. दगड आणि शिंगं एवढीच हत्यारं. तिथे सापडलेली मातीची 'निजलेली बाई' मात्र व्हॅलेटाच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. तळहातात मावेल एवढी मूर्ती, कुशीवर झोपलेली, एक हात डोक्याखाली. बाबांना संग्रहालय नको असलं तरी तेवढ्यापुरतं वीस मिनिटं आत न्या.

जमिनीवरची देवळं बघायची तर हजार-ईम आणि इमनायद्रा. दोन्ही एकाच तिकिटात, समुद्रावरच्या कड्याशी. ऊन-पावसापासून जपायला २००९ पासून त्यांच्यावर पांढरे तंबू आहेत. काही लोकांना ते तंबू खटकतात, मला अजिबात नाही. दगड मऊ चुनखडीचा आहे, तंबू नसते तर पुढच्या पिढ्यांना नुसता चुरा मिळाला असता. इमनायद्राच्या खालच्या देवळाचं दार असं बसवलंय की २०-२२ मार्च आणि २२-२३ सप्टेंबरच्या सुमारास, दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, उगवत्या सूर्याचा झोत सरळ मधल्या वाटेवरून आतल्या गाभाऱ्यापर्यंत जातो. तुम्ही सप्टेंबरातच जाताय, तारीख जुळते का बघा. त्या पहाटेसाठी मोजकीच तिकिटं असतात.

आणि वेढ्याची गोष्ट मुलाला आधी सांगून ठेवा, मग तिथले तट त्याच्याशी बोलतील. १५६५ साली १८ मे ते ८ सप्टेंबर ऑटोमन तुर्कांनी बेटाला वेढा घातला. तेव्हा बेटावर राज्य सेंट जॉनच्या सरदारांचं, म्हणजे नाइट्सचं, होतं. सेंट एल्मो हा टोकाचा छोटा किल्ला काही दिवसांत पडेल असं त्यांना वाटलं होतं, तो पडायला २३ जून उजाडला. त्या दिवसांनी बाकीच्यांना वेळ मिळवून दिला. पन्हाळा-विशाळगडाची वाट माहीत असलेल्या मुलाला हे समजवायला लागणार नाही. वेढा उठला आणि पुढच्याच वर्षी, १५६६ च्या मार्चमध्ये, सरदारांचा प्रमुख ला व्हॅलेटने नव्या शहराची पायाभरणी केली. त्याच्याच नावाने व्हॅलेटा.

भटकभवानी (१५ मार्च)

मला माल्टा नाही आवडलं, हेही लिहायला हवं. वाळूचे किनारे थोडेच, जे आहेत तिथे गर्दी. जिकडे बघावं तिकडे बांधकामाच्या क्रेन. कोमिनोच्या ब्लू लगूनचे फोटो बघून गेले होते. पाणी खरंच तसंच निळं आहे, पण खडकावर टॉवेल पसरायला जागा नव्हती आणि बोटीवरच्या गाण्यांनी डोकं उठलं. आमच्या बोटवाल्याने परतीची वेळ सांगितली एक आणि आला दीड तास उशिरा, तोवर सावलीविना बसलो. समुद्रासाठीच जायचं असेल तर ग्रीसच्या क्रीट बेटावर जा.

ऊनपाऊस (१५ मार्च)

भटकभवानीताई, कोमिनोबद्दल तुम्ही लिहिलंत ते खरं आहे. गर्दी इतकी वाढली की आता तिथे उतरायला आगाऊ नोंदणी करावी लागते, फुकट असते पण लागते. क्रेनही खऱ्या आहेत, स्लीमा आणि सेंट ज्युलियनच्या बाजूला तर फारच. पण एजंट लोक मुक्काम नेमका तिथेच देतात आणि मग माणसाला वाटतं, माल्टा म्हणजे हेच. नुसत्या वाळूसाठी जायचं असेल तर माझंही मत क्रीटकडेच झुकेल. खाडीकाठ मात्र वाळूसाठी जात नाहीत. त्यांच्या बाबांना माणसं कामात असलेली बघायची आहेत.

म्हणून माझा आग्रह : कोमिनो वगळा. त्या दिवसाचा गोझोला मुक्काम वाढवा.

गोझोकर (१६ मार्च)

आता मला बोलायलाच हवं. मी साताऱ्याची, नर्स आहे, चार वर्षं गोझोत राहते.

गोझोची 'धावती सहल' हा प्रकार बघून मला वाईट वाटतं. सकाळी दहाला बोटीतून उतरतात, मिनीबस जगंतियाचं देऊळ, मुख्य गाव व्हिक्टोरियाचा तटबंदीचा कोट, दुएयरा, श्लेंडी असं पळवते, आणि चारला परतीच्या रांगेत उभं करते. संध्याकाळी पाचनंतर हे बेट आपलं आपल्याला मिळतं, आणि पाहुणे नेमके तेव्हा गेलेले असतात. किमान तीन रात्री राहा. इथे फार्महाऊस मिळतात, जुन्या जाड दगडी भिंतींची घरं, मधे अंगण. चार माणसांना हॉटेलपेक्षा जड पडत नाही, आणि स्वयंपाकघर असतं. बाबांना सकाळचा चहा आपल्या हातचा मिळेल.

येणं सोपं. माल्टाच्या उत्तर टोकाच्या चिरकेव्वाहून मोठी फेरीबोट, २५ मिनिटं, इमजार बंदरात उतरायचं. जाताना कोणी पैसे मागत नाही, भाडं परतीला इमजारमध्ये घेतात. व्हॅलेटाहून थेट जलद बोटही आहे, साधारण पाऊण तास, पण समुद्र खवळला की ती आधी बंद होते.

दुएयराला जाल तेव्हा लोक तुम्हाला 'अझ्युअर विंडो'ची जागा दाखवतील. समुद्रातली ती दगडी कमान ८ मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. इथले म्हातारे अजून त्या दिवसाबद्दल घरातलं माणूस गेल्यासारखं बोलतात. तरी तिथे जाच. शेजारी एक आतला समुद्र आहे, खडकातल्या बोगद्यातून बाहेरच्या समुद्राला जोडलेलं तळंच ते. छोट्या बोटीतून त्या बोगद्यातून बाहेर नेतात. बोट अंधारातून उजेडात येते तेव्हा पाण्याचा रंग बदलतो, तुमचा मुलगा ओरडेल. लाटा असल्या की बोटी बंद असतात, म्हणून दोन-तीन दिवस हाताशी असलेले बरे.

व्हिक्टोरियाच्या कोटावर संध्याकाळी जा. १५५१ साली तुर्कांनी हा कोट घेतला आणि जवळजवळ अख्खी वस्ती, साधारण पाच हजार माणसं, गुलाम म्हणून नेली. त्यानंतर १६३७ पर्यंत कायदाच होता की गोझोच्या लोकांनी रात्री झोपायला कोटात यायचं. तटावर उभं राहिलं की चारही बाजूंचा समुद्र दिसतो, आणि का ते कळतं.

आणि हे मुद्दाम शेवटी ठेवलं. खाडीकाठ, तुमच्या बाबांना श्वेयनीला न्या. गोझोच्या उत्तर किनाऱ्यावर, मार्सालफोर्नच्या पुढे, समुद्राकाठच्या पिवळ्या खडकात शेकडो उथळ चौकोन कोरलेले आहेत. तीनेक किलोमीटर पसरलंय. ती मिठागरं आहेत. काही घराणी पिढ्यान् पिढ्या अजून तिथे हाताने मीठ काढतात.

खाडीकाठ (१६ मार्च)

गोझोकरताई, तुमचं शेवटचं वाक्य मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला : खडकात? मग खालून पाणी झिरपत नाही का?

आमच्याकडे सगळं चिखलावर. खाडीचं पाणी उधाणाला आत घ्यायचं, एका कप्प्यातून दुसऱ्यात सोडत सोडत घट्ट करायचं, जमीन पायाने तुडवून टणक करायची. त्यांचं निम्मं आयुष्य ती जमीन तुडवण्यात गेलं. त्यांना माहिती हवी आहे, मी फक्त टंकतोय. मीठ उचलतात कशाने? हंगाम कधी? पाऊस आला तर?

गोझोकर (१७ मार्च)

बाबांना माझा नमस्कार सांगा.

खडक चुनखडीचा आहे, पाणी बऱ्यापैकी धरतो. भेगा पडल्या तर डागडुजी करतात. हंगाम तुमच्या उलटा : साधारण मे ते सप्टेंबर, कारण इथे पाऊस हिवाळ्यात पडतो. बाकी रीत तुम्ही लिहिलीत तीच. समुद्राचं पाणी आधी मोठ्या कुंडात तापू देतात, मग उथळ चौकोनांत सोडतात. कडक उन्हात आठवड्याभरात मीठ धरतं. मग लांब दांड्याच्या झाडूने कडेकडून मध्ये लोटायचं, ढीग करायचा, निथळू द्यायचं, पोत्यात भरायचं. काठाच्या खडकातच खोल्या खोदलेल्या आहेत, पोती तिथे ठेवतात. कापणी पहाटे किंवा संध्याकाळी बघायला मिळते, भर दुपारी तिथे उभं राहवत नाही.

एक विनंती : चौकोनांतून चालू नका. फोटोसाठी लोक चपला घालून मिठात उतरतात, आणि ते मीठ मग टाकून द्यावं लागतं. कडेच्या वाटेनेच जा.

तिखटमीठ (१८ मार्च)

खाण्याचं कोणी बोललंच नाही!

पास्तित्सी. पापुद्र्यांची, होडीच्या आकाराची, दोन टोकांना निमुळती. आत रिकोटा चीज नाहीतर मसाला घातलेले वाटाणे. भट्टीतून निघाली की लगेच खायची, कागदात धरून, उभ्याने. पहिल्या घासाला पापुद्रे शर्टावर सांडतात आणि आतलं वाटाण्याचं सारण जीभ भाजतं. इमदिनाशेजारच्या रबातमध्ये सकाळी सातला मी ती खाल्ली, शेजारी बसड्रायव्हर आणि गवंडी उभे होते, हातात काचेच्या पेल्यातला दुधाळ चहा. शाकाहारी असाल तर पिठाच्या पापुद्र्यात चरबी घालतात का ते विचारून घ्या, काही ठिकाणी घालतात.

फतीरा म्हणजे मधे भोक असलेला चपटा आंबवलेला पाव. त्यावर टोमॅटो चोळतात, तेल, केपर, ऑलिव्ह. ट्यूना नको असेल तर आधी सांगा. २०२० साली युनेस्कोने या पावाच्या परंपरेला वारसा यादीत घेतलं. बिगिल्ला नावाची शेंगदाण्यांसारख्या तपकिरी घेवड्याची लसूण-मिरची घातलेली चटणी मिळते, ती आपल्या जिभेला लगेच आवडते. व्हॅलेटाच्या वेशीपाशी इमआरेत तळत असतात : शंकरपाळ्याच्या आकाराचा, आत खजूर भरलेला गोड पदार्थ, बडीशेपेसारखा वास. गरमच घ्या.

मासे खाणारे असाल तर सप्टेंबर म्हणजे लांपुकीचा हंगाम. मासेमार ताडाच्या पानांचे तराफे समुद्रात सोडतात, हे मासे त्यांच्या सावलीला जमतात, मग भोवतीने जाळं टाकतात. मार्साश्लॉक गावात रविवारी बाजार भरतो. पर्यटकांच्या वस्तूंचे ठेलेही आता बरेच झालेत, पण सकाळी लवकर गेलात तर मासळी दिसते. आणि त्या लुत्सू होड्या! निळ्या, पिवळ्या, लाल, हिरव्या पट्ट्यांच्या, नाळेवर दोन्ही बाजूंना कोरलेले डोळे. ते डोळे होडी राखतात असं मानतात.

शब्दवेल्हाळ (१८ मार्च)

खाण्यावरून भाषेवर येते. माल्टी भाषा अरबीच्या कुळातली, पण रोमन लिपीत लिहितात आणि इटालियन शब्द भरपूर. रस्त्यावरच्या पाट्या वाचताना मला घरचे शब्द भेटत होते. 'दिन्या' म्हणजे दुनिया. 'क्तिएब' म्हणजे किताब. 'झ्मिएन' म्हणजे काळ, आपला जमाना. 'सिएहेब' म्हणजे सोबती, आपला साहेब. सगळ्यात मजा 'इसेम'ची : त्यांच्याकडे त्याचा अर्थ नाव, आणि आपल्या पोलीस पंचनाम्यातला 'इसम' त्याच मुळाचा. अरबीतून फारसीच्या वाटेने शब्द आपल्याकडे आले, आणि अरबांच्या राज्यातून थेट त्यांच्याकडे.

वाचण्याची एक खूण : एक्स दिसला की 'श' वाचायचा. मार्साश्लॉक, श्लेंडी, श्वेयनी सगळे त्याच हिशेबाने. 'ग्रात्सी' म्हणजे धन्यवाद, 'सह्हा' म्हणजे निरोप, शब्दशः आरोग्य. इंग्रजी सगळ्यांना येतं, ती तिथली राजभाषाच आहे, तरी म्हाताऱ्या माणसांना 'ग्रात्सी' म्हटलं की चेहरा खुलतो.

दगडधोंडे (१९ मार्च)

मुंबईचा एक जुना धागा यात आहे. १८७८ मध्ये रशियाशी तणाव वाढला तेव्हा ब्रिटिशांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटींनी माल्टाला आणून ठेवले होते. त्यांत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. पहिल्या महायुद्धात तर हे बेट जखमींचं मोठं इस्पितळच झालं. पिएटाच्या लष्करी दफनभूमीत, तिथे वारलेल्या आणि दहन केलेल्या हिंदी सैनिकांचं स्मारक आहे. व्हॅलेटापासून बसने जवळ. मी गेलो तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. दहा मिनिटं उभा राहिलो आणि आलो.

नवखा_प्रवासी (२१ मार्च)

व्हिसा, वीज, पाणी यावर कोणी दोन ओळी लिहील का?

ऊनपाऊस (२१ मार्च)

शेंगेन व्हिसा लागतो, भारतीय पारपत्रावर इंग्लंडात राहत असलात तरी. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा. प्लग इंग्लंडसारखे तीन चौकोनी पिनांचे, तो अडॅप्टर न्या. गाड्या आपल्यासारख्या डावीकडून. बेटावर नदी नाही, निम्म्याहून जास्त पाणी समुद्राचं गोडं केलेलं असतं. प्यायला चालतं, चव आवडत नाही म्हणून लोक बाटलीचं घेतात.

गोझोकर (२ एप्रिल)

एक राहिलं. उन्हाळाभर गावोगाव फेस्ता असतात, म्हणजे गावच्या संताची जत्राच. मूर्ती खांद्यावर मिरवतात, बँड वाजतो, आतषबाजी गावातलीच मंडळी वर्षभर खपून तयार करतात. बऱ्याच गावांत दोन बँड क्लब आणि त्यांची पिढीजात चुरस. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आमच्या गावची पालखी आठवून रडू आलं. सप्टेंबरपर्यंत बहुतेक उरकतात, पण ८ सप्टेंबरच्या सुमारास वेढा उठल्याची आठवण आणि मारियाच्या जन्माचा सण एकत्र येतात. गोझोत शाअरा गावाची फेस्ता तेव्हाच.

खाडीकाठ (२९ सप्टेंबर)

मंडळी, परवा परतलो. जसं सांगितलंत तसं केलं : चार रात्री बिर्गूत, चार गोझोत. कोमिनो वगळलं. फेस्ता मात्र हुकली.

हायपोजियमची तिकिटं मार्चमध्येच काढली होती. मुलगा आत एक शब्द बोलला नाही, बाहेर आल्यावर विचारलं, "त्यांना आत दिसायचं कसं?" तोफेच्या आवाजाला तो घाबरला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचा हट्ट धरला. मोस्ताच्या चर्चमध्ये ९ एप्रिल १९४२ ला भरल्या प्रार्थनेत घुमट फोडून बाँब आत पडला आणि फुटला नाही, ही गोष्ट त्याने शाळेत सांगायला जपून ठेवली आहे. मार्साश्लॉकला बाबा एका जाळं शिवणाऱ्या माणसाशेजारी पाऊण तास बसले. इमनायद्राची पहाट जमली नाही, तिकिटं संपली होती. हजार-ईममध्ये बाबांना दगडांपेक्षा समोरचा समुद्र जास्त आवडला. इमदिनाच्या गल्ल्या बायकोला आवडल्या, मला ठीक वाटल्या.

आता श्वेयनी.

संध्याकाळी साडेपाचला गेलो. हंगाम संपत आला होता, बरेच चौकोन रिकामे आणि कोरडे. एका ठिकाणी साठीचा एक माणूस झाडूने मीठ लोटत होता. बाबा वाटेच्या कडेला उभे राहून बघत राहिले. मग चपला काढून वाटेवर ठेवल्या. मी म्हटलं, बाबा, आत जायचं नाही. ते म्हणाले, जात नाही रे, खडक गरम आहे का बघतोय.

त्या माणसाने मान वर केली. मी इंग्रजीत सांगितलं की माझ्या वडिलांनी तीस वर्षं हेच काम केलंय, आमच्या गावी. तो काही बोलला नाही. हात पुसले, मूठभर मीठ उचललं आणि बाबांच्या पुढे धरलं. बाबांनी चिमूट घेतली, अंगठ्याने चोळली, जिभेवर ठेवली. म्हणाले, "खडा बारीक आहे. पण कोरडं आहे, चांगलं उतरलंय." मी भाषांतर केलं. मग दोघांचं सुरू झालं, मी नुसता मधे. पाऊस अचानक आला तर? तर त्या चौकोनाचं गेलं, त्याने हात झटकून दाखवलं. बाबांनी तोच हात झटकला. त्याने खडकातली खोली उघडून दाखवली, आत पोती, गारवा, आणि भिंतीला मिठाची पांढरी साय. त्याचा मुलगा व्हॅलेटात ऑफिसात काम करतो, तो येत नाही इकडे. बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

निघताना त्याने झाडू बाबांच्या हातात दिला. बाबांनी एक चौकोन लोटला. कडेकडून मध्ये, अगदी तसाच, थोडं वाकून. गुडघ्याचं नाव नाही.

मिठाच्या तीन पिशव्या घेतल्या. घरी आल्यावर बाबांनी त्यांच्या पुड्या बांधल्या. त्यांच्याबरोबर मिठागरात राबलेले गल्लीत आता चौघंच उरलेत. त्यांच्याकडे काल स्वतः चालत जाऊन देऊन आले.

गोझोकर (२९ सप्टेंबर)

वाचताना थांबले मधे. उद्या सुट्टी आहे, श्वेयनीला जाऊन त्या काकांना सांगून येते की पोचले म्हणून.

नवखा_प्रवासी (३० सप्टेंबर)

आम्ही मेमध्ये जातोय. गाडी न घेता श्वेयनीला जाता येईल का?

गोझोकर (३० सप्टेंबर)

येईल. व्हिक्टोरियाहून मार्सालफोर्नची बस घ्या, तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत वीस-पंचवीस मिनिटं. मेमध्ये चौकोन नुकते धुवून पाणी भरायला लागलेले असतात, मीठ धरलेलं बघायचं तर जूननंतर या. टोपी आणि पाणी घ्या, वाटेत सावली नाही.